जबड्यातली चौथी खोबण

पहिली फेरी

जबडा हलका होता.

एवढंच धाकटी फोनवर म्हणाली आणि मग नुसती श्वास घेत राहिली. मी एका जळालेल्या गोदामात काजळीत उभी होते. विमा कंपनीसाठी दावे तपासायचे हा माझा धंदा. आग लागली की लावली, दागिने चोरीला गेले की मामेबहिणीकडे गेले, हे हुडकून काढायचं. धाकटीला हे काम कधीच पसंत नव्हतं. माणसांवर संशय घेण्याचा पगार घेतेस, असं ती चारचौघांत म्हणते. आणि आता तीच म्हणत होती, ताई, इकडे ये, पोलीस नकोत, तू ये.

तिचं संग्रहालय मोठं आहे, पण तिचं भांडार तळघरात. लोखंडी कपाटांच्या रांगा, प्रत्येक कपाटात उथळ खण, खणात पांढऱ्या फोमची गादी आणि गादीत हाडाच्या आकाराचा खड्डा. हाड त्यात बाळासारखं झोपवलेलं. तिनं एक खण ओढून ठेवला होता. त्यातला एक खड्डा रिकामा होता, आणि त्यातली वस्तू तिच्या तळहातावर होती. बोटभर लांबीचा तपकिरी तुकडा, एका कडेला दातांच्या खोबणी.

"धर," ती म्हणाली.

मी धरला. दगड झालेलं हाड मी आधी कधी हातात घेतलेलं नव्हतं, तरी हे ते नव्हे एवढं कळलं. खालच्या बाजूला नखानं खरवडलं तर पांढरी पूड निघाली.

"प्लास्टर," धाकटी म्हणाली. "खरा जबडा कुणीतरी नेला आणि ही नक्कल ठेवली. आणि कुणीतरी काय म्हणायचं, सरांनीच नेला."

पहिली फेरी, पुन्हा

सर म्हणजे तिचे जुने विभागप्रमुख, निवृत्त. त्यांचं आणि तिचं भांडण समजून घ्यायला तो प्राणी समजून घ्यावा लागतो, आणि तो समजणं हीच सगळी कटकट आहे.

डायनोसॉरच्या काळात आभाळात उडणारे सरपटणारे प्राणी होते, टेरोसॉर. (डायनोसॉर नव्हेत. हे धाकटी प्रत्येकाला एकदा तरी सुनावते. आमच्या बाबांना तीनदा सुनावून झालं आहे.) त्यांची हाडं आतून पोकळ, भिंती पुठ्ठ्यासारख्या पातळ, त्यामुळे अख्खा सांगाडा सापडणं म्हणजे नवल. या प्राण्याचे तर पाचच तुकडे मिळाले. जबड्याचं टोक, पंखाच्या हाडाचं एक टोक, मानेचा मणका, आणि दोन तुकडे जे कशाचे आहेत यावर अजून वाद चालू आहेत. एवढ्यावर सरांनी तरुणपणी वेगळी प्रजाती ठरवली आणि तिला आपल्या बायकोचं नाव दिलं. तुकडे बाईंनाच सापडले होते.

धाकटीचं म्हणणं, अशी प्रजाती नव्हतीच. जबडा एका ओळखीच्या प्राण्याचा, पंख दुसऱ्याचा, एका जागी गाडले गेले एवढंच. हे तिनं संगणकावर नात्यांचं झाड, म्हणजे कुठला प्राणी कुणाच्या जवळचा याचा नकाशा, काढून दाखवलं होतं. तसा शोधनिबंध लिहिला होता. तो छापून आला की तिची कंत्राटी नोकरी कायम होणार होती. नाही आला तर मुदत संपल्यावर घरी. बाबांना तिनं "झालंच म्हणून समजा" असं सांगून टाकलं होतं, आणि बाबांनी ते सगळ्या नातेवाइकांना.

मग निबंध तपासणाऱ्या परीक्षकानं एक मागणी केली. जबड्याच्या आतलं स्कॅन हवं, दवाखान्यात करतात तसं. त्यासाठी जबडा गादीतून उचलावा लागला.

"निबंध छापला तर बाईंचं नाव पुस्तकांतून जाणार," धाकटी म्हणाली. "म्हणून सरांनी जबडाच पळवला. मूळ नमुना नाही तर आतलं स्कॅन नाही. स्कॅन नाही तर निबंध नाही. तुझ्या त्या गोदामवाल्यांपेक्षा सरळ प्रकरण आहे, ताई."

सरळ प्रकरणांनी माझं आयुष्य खाल्लं आहे. मी तिला एक साधा प्रश्न विचारला. खरा जबडा हातात घेतल्यावर केवढा जड लागायचा?

ती खण बंद करायला वळली. "दगडाएवढा," ती म्हणाली. "दोन वर्षं मी त्या जबड्याबरोबर काढली आहेत."

प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं.

?

संचालकांच्या खोलीत चहा आला, तो कुणी प्यायलं नाही. संचालकांचं म्हणणं थोडक्यात असं की बोभाटा नको. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक तपकिरी तुकडा ठेवला होता. जबड्याचीच नक्कल. मी बघतेय हे पाहून ते म्हणाले, अशा पुष्कळ आहेत, साचेवाल्याकडे फळीभर पडून आहेत, येईल त्या पाहुण्याला देतो आम्ही. किल्ल्यांचं विचारलं. भांडाराची किल्ली त्यांच्याकडे, भांडारबाईंकडे, साचेवाल्याकडे. सरांची? निवृत्त झाल्यावर त्यांनी परत केली नव्हती. मागायला कुणी धजावलं नव्हतं.

मग धाकटीच्या खोलीत बसून आम्ही तिच्याच पद्धतीनं तक्ता मांडला. तिच्या तक्त्यात उभ्या बाजूला प्राणी असतात, आडव्या बाजूला लक्षणं. लक्षण असेल तर १, नसेल तर ०, कळत नसेल तर प्रश्नचिन्ह.

किल्ली. सर १, भांडारबाई १, साचेवाला १, संचालक १.
हाताशी नक्कल. सर १, भांडारबाई १, साचेवाला १, संचालक १.
धाकटीवर राग. सर १, भांडारबाई १ (ही खण नीट बंद करत नाही), साचेवाला १ (ही त्याला कलाकार म्हणत नाही), संचालक ?

"हे निरुपयोगी आहे," ती म्हणाली. "जे सगळ्यांकडे आहे त्यानं नातं ठरत नाही. पाठीचा कणा तुलाही आहे, मलाही आहे, मांजरालाही आहे. म्हणून आपण मांजराच्या बहिणी ठरत नाही. नंतर नव्यानं आलेलं आणि मोजक्या जणांतच असलेलं लक्षण हवं."

"आणि प्रश्नचिन्ह?"

"त्यानंच तर जीव नकोसा होतो." तिनं संगणकावर एक चित्र उघडलं. एकच दांडा आणि वर पसरलेल्या पन्नासेक काड्या. पाच तुकड्यांच्या प्राण्याबद्दल बहुतेक रकान्यांत प्रश्नचिन्हच असतं. मग संगणक झाड काढायला लागला की तो प्राणी दर फेरीला वेगळ्या फांदीवर जाऊन बसतो, आणि सगळ्या फेऱ्यांची सरासरी काढली की झाडाचा असा झाडू होतो. तिचे पहिले कितीतरी महिने या झाडूत गेले होते. "पण दिसलं नाही म्हणून शून्य लिहायचं नसतं. तुटून गेलं असेल, झिजलं असेल. तिथे शून्य लिहिणं म्हणजे खोटं बोलणं."

हे तिनं इतक्या ठामपणे सांगितलं की मी पुढचं विचारलंच नाही. झाडूचं शेवटी झाड कशामुळे झालं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुसरी फेरी: साचेवाला

त्याच्या खोलीत रबराचा आणि रंगाचा वास होता. भिंतीवर त्याचाच मोठा फोटो, एका सांगाड्याशेजारी उभा, सांगाडा थोडा धूसर. प्लास्टरचा जबडा मी त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्यानं तो दुरूनच ओळखला. माझी नक्कल आणि मूळ वस्तू शेजारी ठेवा, मूळ खोटी वाटेल, असं तो म्हणाला. मग अर्धा तास त्यानं आपल्या कामाबद्दल सांगितलं. जबड्याची चोरी त्याला आपल्या कलेला मिळालेली पावती वाटत होती.

दाव्यांच्या कामात एक सवय लागते. वस्तूचा मालक बोलत असताना वस्तूकडे बघायचं. दुसऱ्या खोबणीशेजारी मोहरीएवढा, अगदी गोल टपोरा मणी होता. बाकी सगळं वेडंवाकडं, हाच तेवढा गोल.

हे काय, मी विचारलं.

हाड आहे, तो म्हणाला.

प्लास्टरवर?

त्यानं चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं, आणि त्याचा आवाज उतरला. त्या वर्षी रबर वाईट आलं होतं, तो म्हणाला. रबरात हवेचा बुडबुडा राहिला की साच्यात खळगी पडते, प्लास्टर त्या खळगीत जातं आणि असा मणी उठतो. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नकलेवर तो आहे. म्हणून हे काम तो कुणाला दाखवत नाही.

साचा कधीचा? जबडा खोदून आणला त्याच आठवड्यातला. आधी साचा, मग सफाई, ही इथली रीत. सफाई करताना हाड मोडलं तर निदान आकार तरी हातात राहतो.

म्हणजे हाडावरची सगळी माती निघायच्या आधीचा?

"अर्थात," तो म्हणाला. "माती कुठे राहिली होती ते विचारू नका. मी माणूस आहे, एक्स-रे नव्हे."

मी जिना चढून धाकटीच्या खोलीत गेले आणि तिला तिच्या कामाचं स्कॅन उघडायला सांगितलं, अगदी सुरुवातीचं, ज्यावरून तिनं सगळी लक्षणं भरली ते. पडद्यावर राखाडी जबडा हळूहळू फिरला. पहिली खोबण. दुसरी खोबण.

तिच्या शेजारी एक मणी. अगदी गोल.

दुसरी फेरी, पण धाकटी ऐकत नाही

तिला कळायला मला बोलावं लागलं नाही. ती खुर्चीतून उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली. मग म्हणाली की तो बुडबुडा नाही, ती गाठ आहे. तिच्या तक्त्यात ते लक्षण होतं, "दुसऱ्या खोबणीशेजारी गाठ: १." अशी गाठ आणखी फक्त एका प्राण्याला आहे. तिच्यामुळेच दर फेरीला भटकणारा जबडा एका फांदीवर स्थिर बसला. तिच्यामुळेच झाडूचं झाड झालं.

अख्खा निबंध हवेच्या एका बुडबुड्यावर उभा होता.

मग बाकीचं एकेक करून बाहेर आलं, मला ते ओढून काढावं लागलं. जबडा तिनं कधी हातात घेतलाच नव्हता. भांडाराचा नियमच होता, मूळ नमुना गादीतून उचलायचा नाही. स्कॅनरचं तोंड खणावर फिरवायचं, वरची बाजू टिपायची आणि उरलेलं पडद्यावर बघायचं. सगळेच तसं करतात. जगभरच्या टेरोसॉरची हाडं तिनं अशीच पाहिली होती, कुणीतरी पाठवलेल्या फायलींतून. जबड्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आहेत का, या रकान्यात तिनं शून्य लिहिलं होतं. साचेवाल्याच्या रंगात ती बुजली असतील हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग जबडा आत्ता नाही गेला," मी म्हणाले. "तू काम सुरू करायच्या आधीच गेला होता. सरांनी निबंध अडवायला तो पळवला असं म्हणता येत नाही. तेव्हा निबंधच नव्हता."

तिनं पडद्यावरचं स्कॅन बंद केलं. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली. संचालकांशी तिचं सकाळीच बोलणं झालं होतं. जबडा नुकताच चोरीला गेला असं नोंदवलं तर तिचं स्कॅन ही त्या हाडाची एकमेव नोंद ठरणार होती. मूळ वस्तू नाही म्हटल्यावर परीक्षकाला स्कॅन मान्य करावं लागलं असतं. निबंध छापला गेला असता. बुडबुडा कुणाला दिसला नसता.

"तुला फक्त एवढंच म्हणायचंय, की कधी गेला ते सांगता येत नाही."

"ते सांगता येतं."

"प्रश्नचिन्ह लिही, ताई. एका रकान्यात."

"मला कळलंय तिथे प्रश्नचिन्ह लिहू? हे तूच मला शिकवलंस ना सकाळी?"

"तू माझ्या बाजूनं आहेस की त्या हाडाच्या?"

आम्ही दोघी लहानपणी एका पलंगावर झोपायचो, मधे उशी ठेवून. तशी उशी टेबलावर ठेवल्यासारखी ती त्यानंतर बोलत राहिली, औपचारिक, नीट, अहो-जाहो करायचंच बाकी होतं. मी म्हणाले की संध्याकाळपर्यंत थांब. चोर सापडला नाही तर मी गप्प घरी जाईन.

हे बोलायला नको होतं. माझ्याकडे आता एकही संशयित उरला नव्हता. ज्याच्याकडे कारण होतं त्याची वेळ जुळत नव्हती, आणि ज्यांची वेळ जुळत होती त्यांच्याकडे कारण नव्हतं. तपासाचाही झाडू झाला होता.

भांडारबाईंची उत्तरं

(प्रश्न माझे. त्यांनी त्यांतला एकही पुरता करू दिला नाही.)

बसा, पण त्या स्टुलावर नको, ते मोडकं आहे.

नाही, उचलू देत नाही कुणालाच. मलाही नाही. तुमच्या बहिणीनं आज उचलला तो संचालकांची चिठ्ठी आणून.

माझ्यावर संशय असेल तर सरळ म्हणा. मला राग येणार नाही. येईल, पण मी दाखवणार नाही.

हाडात मला काडीचा रस नाही हो. मला खण बंद झालेले आवडतात.

हो, तुमच्या बहिणीच्या त्या व्याख्यानाला होते ना मी. मागच्या रांगेत. तुमची बहीण बोलत होती, पडद्यावर सरांनी काढलेलं जबड्याचं जुनं चित्र. त्यात खोबणी चार. शेजारी हिचं स्कॅन, त्यात तीन. ही म्हणाली की चौथी खोबण नमुन्यात नाही, ती चित्र काढणाऱ्याच्या मनात असावी. लोक हसले. मला नाही आवडलं. सर पहिल्या रांगेत होते.

आम्हाला वाटलं आता छप्पर उडतंय. त्यांचा राग तुम्ही पाहिलेला नाही. स्वल्पविराम चुकला तरी ते जिन्यापर्यंत मागे यायचे.

उठले. "चित्र बरोबर आहे," एवढं म्हणाले. बसले. मग निघून गेले.

नाही. आणखी काही नाही.

नियम? नियम माझाच. म्हणजे पाटी मी लावली. लोकांना वाटतं मीच खाष्ट.

अहो, पूर्वी सगळे सर्रास उचलायचे. सर तर खिशात घालून फिरायचे.

सुचवलं कुणी म्हणजे? सरांनीच. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात तसाच, ते खाली आले आणि म्हणाले, यापुढे मूळ नमुने कुणाला गादीतून उचलू देऊ नका.

तुम्ही अशा का बघताय?

तिसरी फेरी

धाकटी तिच्या खोलीत दिवा न लावता बसली होती. अजून उजेड होता, पण दुपार उतरली होती. मी तिच्यापुढे खुर्ची ओढली. म्हटलं, हाडं तुला कळतात, माणसं मला. एकदा ऐक, मग काय नोंदवायचं ते नोंदव.

"समज, चारचौघांत तुझ्यावर कुणी आळ घेतला. तू नसलेली खोबण काढलीस म्हणून. तुला पक्कं माहीत आहे की खोबण आहे. आणि जबडा त्याच इमारतीत, एक जिना उतरून, खणात आहे. तू काय म्हणशील?"

"खण उघडा म्हणेन."

"कुणीही म्हणेल. ज्याची चूक असेल तो गप्प बसेल, किंवा तावातावानं भांडेल. जो बरोबर असेल तो म्हणेल, चला, आत्ता दाखवतो. सर म्हणाले चित्र बरोबर आहे, आणि खाली बसले. स्वल्पविरामासाठी जिन्यापर्यंत मागे येणारा माणूस. तुम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ लावलात की त्यांच्याकडे पुरावा नाही. तुम्ही शून्य लिहिलंत."

तिचं तोंड किंचित उघडं राहिलं.

"पुरावा होता," मी म्हणाले. "फक्त तो त्या खणात नव्हता, आणि हे त्यांना माहीत होतं. खण उघडला असता तर तीनच खोबणी निघाल्या असत्या, कारण साचा सफाईच्या आधीचा. चौथी तेव्हा मातीत होती. नक्कल ठेवणाऱ्यालाच हे ठाऊक असणार. किल्ली सगळ्यांकडे आहे, नकला सगळ्यांकडे आहेत. पण बरोबर असूनही खण उघडायला न सांगणं, हे लक्षण फक्त एकाकडे आहे. आणि जबडा कुणी उचलू नये ही काळजीही पहिल्यांदा त्यालाच वाटली, जायच्या दिवशी."

"पण तेव्हा मी इथे नव्हतेच. कुणी त्या प्राण्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. मग त्यांना जबडा नेऊन करायचं काय होतं?"

"ते मला नाही माहीत. तिथे मी प्रश्नचिन्ह लिहिते."

ती हसली नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीनं तिला घेरलं होतं. "चार असतील तर," ती स्वतःशी म्हणाली, "चार असतील तर तो जबडा त्या फांदीवर बसतच नाही. मग ती प्रजाती..." तिनं उठून पिशवीत भिंग टाकलं, मोजपट्टी टाकली, परत काढली, परत टाकली.

"मला वाईट वाटतंय असं समजू नकोस," जिन्यावर ती म्हणाली. "मला नुसता राग आलाय. माझी दोन वर्षं गेली. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता."

शेवटची फेरी

सरांनी दार उघडलं आणि आम्हाला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. चपला तिथेच काढा, ते म्हणाले, आणि हळू बोला.

घर स्वच्छ होतं, पण विचित्र रीतीनं. पडद्यांना दोऱ्या नव्हत्या. खुर्च्यांवर खोळी नव्हत्या. टेबलाच्या कडा कापडानं बांधलेल्या होत्या. धाकटी उभ्या उभ्याच विचारायला लागली, जबडा कुठे आहे, तुम्ही बोलला का नाहीत, मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं ठरवलं तेव्हा तरी. तिचा आवाज चढत होता. सरांनी तिला थांबवलं नाही. ते फक्त मधल्या दाराकडे बघत राहिले, आणि त्यामुळे ती आपोआप थांबली.

त्यांनी जे सांगितलं ते तुटक होतं. बाईंचं, म्हणजे पत्नीचं, विसरणं त्यांच्या निवृत्तीच्या आधीच सुरू झालं. आधी माणसांची नावं, मग घरातली दारं. मग हात. हातांना चैन पडेना. बटणं तोडायच्या, खोळी उसवायच्या, स्वतःची कातडी ओरबाडायच्या. डॉक्टरांनी काय काय दिलं. एक दिवस सरांना वाटलं, आयुष्यभर या हातांनी दगडातून हाडं काढली, त्यांतलं एखादं देऊन बघू. एका दुपारपुरतं. गादीतला खड्डा रिकामा दिसू नये म्हणून फळीवरची नक्कल तिथे ठेवली आणि जबडा खिशात घातला, नेहमीसारखा.

ती दुपार शांत गेली. संध्याकाळी काढून घ्यायला गेले तर बाईंनी तो दिला नाही.

नकला देऊन पाहिल्या, ते म्हणाले. एकेक करून खिडकीतून बाहेर गेल्या.

"परत ठेवायचा होता," ते म्हणाले. "उद्या ठेवू, असं रोज होतं. मग तू ते व्याख्यान दिलंस. तेव्हा मी खण उघडायला सांगितलं असतं, तर त्याच दिवशी जबडा तिच्या हातातून काढावा लागला असता. माझं चित्र खोटं ठरलं तर ठरू दे म्हटलं."

"आणि त्यांचं नाव?" धाकटी म्हणाली. "प्रजातीला त्यांचं नाव आहे. तेही पुसलं गेलं असतं."

"तिला ते आठवत नाही. हात आठवतात तिला."

आतल्या खोलीत बाई खिडकीपाशी आरामखुर्चीत झोपल्या होत्या. पांघरुणावर उजवा हात उताणा, बोटं सैल, आणि तळव्यावर जबडा. माझ्या हातातल्या प्लास्टरचा रंग साचेवाल्यानं हुबेहूब आणला होता, पण या हाडाला जी चकाकी होती ती त्याच्या बापाला जमली नसती. वर्षानुवर्षं अंगठा फिरून ते गुळगुळीत झालं होतं.

धाकटी गुडघ्यांवर बसली. तिनं हाड उचललं नाही. भिंग धरून ती तशीच हातावर वाकली. तिचा श्वास त्यांच्या मनगटावर लागत असणार. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. दोन वर्षं जिच्याबरोबर काढली ती वस्तू ती पहिल्यांदा बघत होती.

"चार," ती म्हणाली.

आपण बरोबर होतो याचा सरांना काही आनंद झालेला दिसला नाही.

"गाठ नाहीये. चौथी खोबण टोकाकडे आहे, कडेला तिरपी. अशी तिरपी मी दुसऱ्या कुठल्याच..." ती थांबली. भिंग कडेवरून सरकवलं, परत आणलं. "आणि छिद्रं पुसली गेलीत. अंगठ्यानं. असतील, नसतील. आता कधीच कळणार नाही." हे म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि तो रागानंच फुटला. त्या छिद्रांवाचून झाड पुरतं उभं राहणार नव्हतं, हे मला एव्हाना कळलं होतं.

खालची बाजू पाहायची राहिली होती. तिनं एक बोट अलगद हाडाखाली सरकवलं, कलतं करायला.

बाईंची बोटं मिटली. जागं न होताच. हाडावर, आणि तिच्या बोटावर.

धाकटी गोठली. "ओढलं तर मोडेल," ती कुजबुजली. "इथे भिंत कागदाएवढी आहे."

"मग ओढू नकोस," मी म्हणाले.

"माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

सर स्वयंपाकघरातून एक बुटकं स्टूल घेऊन आले, तिच्यामागे वाकले आणि ते हळूच खाली सरकवलं. ती बसली. हात तिथेच. बाईंचा अंगठा आता तिच्या बोटाच्या पेरावरून फिरत होता, मागेपुढे, सावकाश, काहीतरी शोधत असल्यासारखा.

मी विचारलं, निबंधाचं काय करणार. परत मागवते, ती त्या हाताकडे बघतच म्हणाली. संचालकांना काय सांगायचं? खरं तेच. आणि हे हाड? मूळ नमुना आहे तो, संग्रहालयाचा आहे, तुला त्याचं स्कॅन लागणार आहे, तुझी मुदत संपत आलीये, बाबांना तू काय सांगून ठेवलंयस ते तरी आठव.

"ताई, जरा गप्प बसतेस का," ती म्हणाली. "जाग येईल त्यांना."